मदत हवी आहे: सांकेतिक भाषा वापरणाऱ्यांची पीएचक्यू-९ कशी घ्यावी?

नमस्कार. समुपदेशन केंद्रात नैराश्याच्या प्राथमिक तपासणीसाठी पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची प्रश्नावली वापरतो. कर्णबधिर व्यक्तींना छापील फॉर्म दिला की बरेच जण नऊही प्रश्नांना एकाच रकान्यात खूण करतात. सोबत आलेली आई किंवा भाऊ समजावून सांगायला तयार असतात. चालेल का? दुभाषी मिळाला तर तयारी काय?

प्रतिसाद १
घरच्यांना दुभाषी करू नका. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा आहे. आईसमोर त्याचं खरं उत्तर येत नाही, आणि बहुतेकदा आईच तो मऊ करते नाहीतर गाळते. एकाच रकान्यात खुणा येतात कारण लिखित भाषा अनेकांची दुसरी भाषा असते. तिथे तपासणी वाचनाची होते.

दुभाष्याला प्रश्नावली आदल्या दिवशी द्या. 'काही दिवस' आणि 'निम्म्याहून जास्त दिवस' या उत्तरांच्या पर्यायांत हमखास गोंधळ होतो. गेल्या १४ दिवसांचे चौकोन कागदावर आखा आणि प्रत्येक प्रश्नाला त्यावर बोट ठेवायला सांगा. आठव्या प्रश्नात 'बोलणं मंदावलं का' आहे, तिथे हातांच्या खुणा मंदावल्या का हे विचारायचं. दुभाषी तुमच्या शेजारी, पाठीशी खिडकी नको. वेळ दुप्पट धरा. आणि बघायचं दुभाष्याकडे नाही, समोरच्या माणसाकडे!

प्रतिसाद २
वरच्याशी सहमत. भर घालते: उंचावलेल्या भुवया, जोरदार हातवारे हे त्या भाषेचं व्याकरण आहे. नोंदीत 'अस्वस्थ, आक्रमक' लिहून मोकळे होऊ नका. १० गुणांचा कट-ऑफही (एरवी तेवढे किंवा जास्त गुण आले की नैराश्याची शक्यता धरतात) जसाच्या तसा लावू नये. ब्रिटिश सांकेतिक भाषेतल्या व्हिडिओ आवृत्तीसाठी अभ्यासातून ८ सुचवला गेला. तिथला व्हिडिओ मात्र उचलून वापरता येत नाही, प्रत्येक सांकेतिक भाषा वेगळी.

धागाकर्ता
आभार. दुभाषी ऐनवेळी आलाच नाही तर?

प्रतिसाद १
आधी व्हिडिओ कॉलवर दुभाषी मिळतो का बघा. नाहीच मिळाला तर गुण काढू नका. अर्धवट समजलेल्या प्रश्नांची बेरीज फॉर्मवर कायमची चिकटते. फक्त जिवाला धोका आहे का तेवढं चित्रं आणि छोट्या वाक्यांनी त्याच दिवशी विचारा. उत्तर 'हो' असेल किंवा नीट कळलं नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना लगेच कळवा. बाकी तपासणी पुढच्या तारखेला, दुभाष्यासह. फॉर्मवर 'दुभाषी नव्हता' ही नोंद हवीच.