मदत हवी आहे: गॅडोलिनियमचा प्रयोग यवतमाळच्या गरमीत कसा दाखवू?

नमस्कार मंडळी, मी यवतमाळ जिल्ह्यात एका शाळेत आठवी ते दहावीला विज्ञान शिकवते. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिन आहे, त्यासाठी ओळखीच्या एका प्राध्यापकांकडून गॅडोलिनियमचा छोटासा तुकडा मागून आणलाय, नखाएवढाच आहे आणि परत द्यायचाय त्यामुळे खराब होऊन चालणार नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. हा रेअर अर्थ धातू, अणुक्रमांक ६४, दिसायला चांदीसारखा. लोखंडाची चुंबकाला चिकटायची ताकद घालवायची तर ७७० अंशांपर्यंत तापवावं लागतं, निकेलची साधारण ३५५ ला जाते, म्हणजे वर्गात दाखवणं कठीणच. गॅडोलिनियमचा क्युरी पॉइंट (ज्या तापमानाला ही ताकद जाते तो) मात्र २० अंश सेल्सिअसच्या आसपास आहे! बर्फातून काढला की चुंबकाला टपकन चिकटतो, जरा गरम झाला की सुटतो, ना बर्नर लागत ना भट्टी, आणि पोरांना हे स्वतःच्या डोळ्यांनी बघायला मिळावं अशी माझी फार इच्छा आहे.

आता अडचणी. आमच्याकडे फेब्रुवारीअखेर दुपारी वर्गात सहज ३३-३४ अंश असतं, एसी नाही, तुकडा बर्फातून काढून चुंबकापर्यंत नेईस्तोवर गरम होतो आणि मागच्या बाकावरच्यांना काही दिसतच नाही. दुसरं म्हणजे दमट हवेत यावर ऑक्साइड धरतं आणि ते पापुद्र्यासारखं सुटून येतं असं वाचलंय, मग बर्फाच्या पाण्यात सारखा बुडवायचा कसा? आणि तिसरं, माझ्याकडचं मॅग्नेट नियोडिमियमचं आहे, ते गरम तुकड्यालाही ओढतंय!

अजून एक. नववीतल्या एका मुलीच्या आजीचा एमआरआय झाला, तेव्हा गॅडोलिनियमचं इंजेक्शन दिलं होतं. तिने विचारलं, मॅडम, अंगात धातू गेला तर त्या मोठ्या मॅग्नेटने ओढला नाही का? इतका चांगला प्रश्न आहे की उत्तर पण तसंच नीट द्यायचंय. कसं सांगू?

प्रतिसाद १
ताई, नियोडिमियम बाजूला ठेवा. क्युरी पॉइंटच्या वर गॅडोलिनियम पॅरामॅग्नेटिक होतो, म्हणजे ओढ पूर्ण जात नाही, फक्त खूप कमी होते आणि तेवढी ओढ पण नियोडिमियमला पुरते. जुन्या स्पीकरचं काळं फेराइट मॅग्नेट घ्या. तुकडा झिपवाल्या छोट्या पाऊचमध्ये हवा काढून बंद करा, काचेच्या बीकरमध्ये बर्फाचं पाणी, त्यात पाऊच, आणि मॅग्नेट बाहेरून काचेला लावा. थर्मामीटर आत ठेवून हळूहळू कोमट पाणी घाला, तुकडा घसरून खाली पडेल तो आकडा पोरांना लिहायला सांगा. बरोबर २० लाच पडेल असं नाही, मॅग्नेट किती जोरदार आणि तुकडा किती जड यावर थोडं इकडेतिकडे होतं. झालं की कोरडा पुसून सिलिका जेलच्या पुडीसोबत घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवा.

प्रतिसाद २
एमआरआयबद्दल सांगतो. इंजेक्शनमध्ये धातूचा तुकडा नसतोच, एकेकटे आयन (विद्युतभार असलेले अणू) असतात आणि मोकळा आयन विषारी म्हणून प्रत्येकाला एका मोठ्या रेणूने विळखा घालून धरलेलं असतं. चिकटण्यासाठी शेजारच्या अणूंनी एका दिशेने उभं राहावं लागतं, इथे शेजारीच नाही. पण प्रत्येक आयनमध्ये ७ एकटे इलेक्ट्रॉन असतात, त्यांच्यामुळे आजूबाजूच्या पाण्यातले, मशीनने हलवलेले हायड्रोजन लवकर पूर्वस्थितीला येतात आणि तो भाग फोटोत उजळ दिसतो. नंतर बहुतेक लघवीवाटे निघून जातं, म्हणून आधी किडनी नीट आहे ना ते बघतात.

प्रतिसाद ३
तारापूरच्या अणुवीज केंद्राचं पण नक्की सांगा पोरांना. अणुभट्टी न्यूट्रॉनवर चालते, आणि न्यूट्रॉन गिळण्यात गॅडोलिनियमचा हात कोणी धरत नाही. तिथल्या ३ आणि ४ नंबरच्या अणुभट्ट्या तातडीने बंद करायच्या एका पद्धतीत गॅडोलिनियम नायट्रेटचं द्रावण थेट आतल्या जड पाण्यात सोडायची सोय आहे.

धागाकर्ती
खूप खूप आभार सगळ्यांचे! स्पीकरचं मॅग्नेट रेडिओ रिपेअरवाल्याकडे मिळेल. आता एकच शंका, पाऊच आणि बीकरची काच दोन्ही मध्ये आल्यावर फेराइटची ओढ पुरेल का, की पातळ प्लास्टिकचा ग्लास घेऊ? कोणी करून बघितलं असेल तर प्लीज सांगा.