बाहेर जेवायला गेल्यावर लहान मुलांना बसलेले चटके: तुमचे अनुभव लिहा

माझा मुलगा तेव्हा चौदा महिन्यांचा होता. आम्ही घरचे सहाजण बाहेर जेवायला गेलो होतो. उंच खुर्ची शिल्लक नव्हती म्हणून त्याला मी मांडीवर घेतलं. सूप आलं. वाडगा माझ्यासमोर ठेवला गेला, मी वेटरशी बोलायला मान वर केली आणि तेवढ्यात पोराने टेबलावरचं कापड दोन्ही मुठींत धरून ओढलं. वाडगा लवंडला तो सरळ त्याच्या डाव्या हातावर.

अंगात लांब बाह्यांचा सुती शर्ट होता. सूप घट्टसर होतं, ते बाहीत मुरलं आणि बाही कातडीला चिकटून बसली. ते कापडच त्याला भाजतंय हे मला पहिली काही सेकंदं कळलंच नाही. मी वरून रुमालाने टिपत बसले होते. शेजारच्या टेबलावरच्या एक बाई धावत आल्या, "आधी शर्ट काढा" म्हणाल्या, त्याला माझ्या हातातून जवळजवळ ओढून घेतलं आणि बेसिनच्या नळाखाली धरलं. त्या बाईंचं नावही विचारायचं राहिलं.

आता तो पाच वर्षांचा आहे. हात नीट चालतो. कोपराच्या खाली एक फिकट पट्टा राहिलाय, उन्हात खेळून आला की तेवढा भाग वेगळा दिसतो.

त्या दिवशी टेबलाशी पाच मोठी माणसं होती. सगळी मुलावर जीव टाकणारी. पण पदार्थ टेबलावर येतो तो अर्धा मिनिट असा असतो की सगळ्यांचं लक्ष ताटांकडे जातं. हे कुणाचं, ते कुठे ठेवायचं, फोन उचला, जरा जागा करा. मुलाचंही लक्ष तिकडेच असतं, फक्त त्याचे हात मोकळे असतात. दुसरं कुणीतरी बघतंय असं आम्हा प्रत्येकाला वाटत होतं. आता आम्ही मागवायच्या आधीच ठरवतो, आज पोराकडे कोण बघणार. त्या माणसाने ताटांना हात लावायचा नाही.

तुमच्याकडे असं काही झालं असेल किंवा थोडक्यात निभावलं असेल तर लिहा. कोण कुठे बसलं होतं, काय कुठे ठेवलं होतं, हेही लिहा. नुसतं "लक्ष द्या" म्हटल्याने काही होत नाही, लक्ष तर आमचंही होतं.

जुळ्यांचे बाबा

आमच्या दोघी दीड वर्षाच्या. बसल्याबसल्या आम्ही एक काम करतो. दोघींच्या हातात एकेक चमचा देतो आणि पुढे वाकून त्या कुठवर पोचतात ते बघतो. चमचा मुद्दाम देतो, कारण चमच्याने कप अलीकडे ओढता येतो हा शोध धाकटीने दहाव्या महिन्यात लावला होता. जिथवर चमचा पोचतो त्याच्या पलीकडे मीठ-मिरपूड आणून ठेवायची, त्याच्या अलीकडे गरम काही येणार नाही. ही हद्द दर महिन्याला सरकते. मागच्या खेपेला पुरलं म्हणून या खेपेला पुरेल असं नाही.

दुसरं, उंच खुर्ची कुठे लावतात ते बघा. बहुतेक ठिकाणी ती टेबलाच्या टोकाला, येण्याजाण्याच्या वाटेत लावतात, कारण तिथे ती पटकन मावते. पण गरम ट्रे घेऊन माणसं त्याच वाटेने जात असतात. आम्ही खुर्ची भिंतीकडे सरकवायला लावतो आणि वाटेच्या बाजूला आम्ही बसतो. पट्टा बांधतोच. पट्टा नसला तर मूल खुर्चीत उभं राहतं आणि त्याची पोच एकदम दुप्पट होते.

नातवाची आजी

माझ्या बाबतीत सूप नव्हतं, चहा होता. नातू अकरा महिन्यांचा, मांडीवर पेंगत होता. चहा येऊन दहा मिनिटं झाली होती, मला वाटलं निवला असेल. कप तोंडाशी नेला आणि त्याने झोपेत डोकं मागे टाकलं. चहा त्याच्या मानेवर आणि माझ्या छातीवर सांडला. मला नुसती लाली आली. त्याच्या मानेवर मात्र फोड आले. तोच चहा, त्याच वेळी.

दहा मिनिटांचा चहा आपल्याला पिण्याजोगा वाटतो म्हणून तो बाळालाही सोसेल असं धरून चालले, तिथे माझं चुकलं. दवाखान्यात सांगितलं की गरम पेय ओतल्यावर पंधरा मिनिटांनीसुद्धा लहान मुलाला भाजू शकतं. तेव्हापासून मूल मांडीवर असेल तर मी कप हातात घेत नाही. चहा प्यायचा असेल तर मूल आधी दुसऱ्याकडे द्यायचं. सुनेनेही हाच नेम ठेवलाय, आणि बाळाला झोळीत छातीशी बांधलेलं असतानाही तो पाळते.

एक आई

आमचं दोनच ओळींत. मुलीने माझ्या गरम कॉफीत स्ट्रॉ घातली आणि ओढली. स्ट्रॉमधून गरम घोट ओठांना न लागता थेट घशाकडे जातो, त्यामुळे थुंकायलाही वेळ मिळत नाही. आता गरम पेयाजवळ स्ट्रॉ ठेवूच देत नाही.

निवृत्त परिचारिका, भाजलेल्यांचा वॉर्ड

आजींनी लिहिलंय तसं तोच चहा दोघांना वेगळा का भाजला, ते सांगते. लहान मुलाची कातडी मोठ्यांपेक्षा पातळ असते, उष्णता लवकर आणि खोल जाते. ६० अंश सेल्सियसच्या पाण्याने मोठ्या माणसाला खोलवर भाजायला साधारण ५ सेकंद लागतात, लहान मुलाला १ सेकंद पुरतो. ताजी कॉफी किंवा चहा यापेक्षा गरमच असतो. शिवाय मोठा माणूस झटकन मागे होतो. बाळाला ते जमत नाही, आणि एक कप त्याच्या चेहरा, मान आणि छातीला पुरून उरतो.

भाजल्यावर काय करायचं ते नीट वाचा, कारण वॉर्डात आलेल्या कितीतरी मुलांचं नुकसान भाजल्यानंतरच्या पाच मिनिटांत वाढलेलं असायचं.

भिजलेले कपडे लगेच काढा. डायपर विसरू नका, गरम पाणी त्यात साचून राहतं. हातातलं, गळ्यातलं काढा, नंतर सूज आली की निघत नाही. कापड कातडीला पक्कं चिकटून सुटतच नसेल तर ओढू नका, तेवढं तसंच राहू द्या. मग भाजलेला भाग नळाच्या वाहत्या गार पाण्याखाली २० मिनिटं धरा. घड्याळ लावून २० मिनिटं. मूल रडतं, लोक बघतात, आईबाबांना वाटतं आधी दवाखान्यात पळावं, आणि दोन मिनिटांत नळ बंद होतो. तसं करू नका. लगेच पाणी मिळालं नाही तरी पहिल्या तीन तासांत दिलेलं पाणी उपयोगी पडतं. बाकीचं अंग मात्र कोरडं आणि उबदार ठेवा, लहान मूल पटकन गारठतं.

बर्फ लावू नका, त्याने आधीच दुखावलेली कातडी आणखी दुखावते. लोणी, टूथपेस्ट, तेल, काहीही नाही. पाणी झाल्यावर खाणं गुंडाळायची पारदर्शक प्लास्टिकची फिल्म हॉटेलच्या स्वयंपाकघरात हमखास असते, ती मागून घ्या. पहिला वेढा फेकून द्या आणि पुढचा तुकडा भाजलेल्या भागावर नुसता अंथरा. गुंडाळून आवळायचा नाही. चेहऱ्यावर लावायचा नाही. फिल्म नसेल तर स्वच्छ, धागे न सुटणारं कापड चालेल.

चेहरा, हात, पाय, सांधा किंवा शरमेची जागा भाजली असेल, फोड आला असेल, किंवा भाजलेला भाग मुलाच्या स्वतःच्या तळव्यापेक्षा मोठा असेल तर डॉक्टरांना दाखवायलाच हवं. तान्ह्या बाळाचं तर कितीही लहान असलं तरी. आणि वर ज्या ताईंनी स्ट्रॉचं लिहिलंय त्यांच्यासाठी: गरम काही गिळल्यावर मूल लाळ गाळू लागलं, आवाज बसला, श्वासाला त्रास होतोय असं वाटलं तर एक मिनिटही थांबू नका, रुग्णवाहिका बोलवा. घसा आतून सुजत जातो.

अकरा वर्षं वेटरचं काम केलेला

मला दुसऱ्या बाजूने लिहायचंय. आम्हाला ट्रेखालचं काही दिसत नाही. हातात चार ताटं असतात, नजर टेबलावर मोकळी जागा कुठे आहे ते शोधत असते. खुर्च्यांमधून पळणारं दोन वर्षांचं मूल आमच्या कमरेच्याही खाली असतं. माझ्या हातून कुणाला भाजलं नाही, पण एकदा एक पोर पायात आलं तेव्हा मी उकळत्या सुपाचा ट्रे स्वतःच्या अंगावर घेतला, त्याची खूण मनगटावर आहे. म्हणून सांगतो, जेवण यायच्या वेळी मुलांना फिरू देऊ नका.

आणि बोला. "ताट मुलाच्या डोक्यावरून देऊ नका, या बाजूने द्या" असं सांगितलं तर आम्हाला राग येत नाही, उलट सोपं होतं. मुलाचं आधी आणा, कोमट आणा, सूप गार वाडग्यात काढून आणा, हे सगळं सांगता येतं. टेबलावरचं कापड काढून न्या म्हणालात तर तेही काढतो. मला वाटतं लोक संकोचतात. संकोच करू नका.

तीन वर्षांच्या मुलाची आई

वेटरदादा, फार बरं केलंत लिहिलंत.

आमच्याकडे तोंड भाजलं होतं. आत चीजचं सारण भरलेला बटाट्याचा गोळा होता. मी तुकडा तोडला, फुंकर घातली, जिभेच्या टोकाने बघितला, बरोबर लागला. त्याच्या तोंडात घातला आणि तो किंचाळला. मी चाखलं होतं ते वरचं आवरण. आतलं चीज तसंच धगधगत होतं, आणि ते टाळूला चिकटलं, त्याला बाहेरही टाकता येईना. टाळूवर पांढरा पापुद्रा आला होता, तीन दिवस तो फक्त गार दूध प्यायला.

फुंकरीने फक्त वरचा भाग निवतो. आता मी सगळं फोडून गार ताटलीत पसरवते, वाफ पूर्ण जाऊ देते आणि मधला घास स्वतः खाऊन बघते. हॉटेलात मायक्रोवेव्हमध्ये गरम करून दिलेलं असेल तर आणखी जपून, त्यात एक कोपरा थंड आणि मधेच एक ठिकाण उकळतं असू शकतं. दुधाची बाटली असेल तर हलवून, मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकूनच.

एक बाबा

तापलेल्या लोखंडी ताटलीवर आमच्या मुलीने तळहात टेकला. धूर आणि आवाज बघून तिला ती ताटली हवीच होती. चटका बसल्यावर हात मागे घेईल असं आपल्याला वाटतं, पण तिने काठ मुठीत धरला आणि धरूनच ओरडत राहिली. बोटं मी सोडवली. डॉक्टर म्हणाले, इतक्या लहान मुलांची हात झटकायची क्रिया मोठ्यांइतकी चपळ नसते. तेव्हापासून मूल बरोबर असेल तर तसलं काही मागवतच नाही. ही एकच गोष्ट मी अजिबात चालवून घेत नाही.

जुळ्यांचे बाबा

यात भर. जिथे जेवण मांडून ठेवतात आणि आपण वाढून घेतो, तिथे त्या तापत्या भांड्यांचा काठ आणि खालची ज्योत नेमकी मुलांच्या तोंडाच्या उंचीवर असते. आम्ही तिथे मुलींना नेतच नाही. एकजण टेबलाशी, एकजण वाढायला. आणि एका हातात ताट, दुसऱ्या हातात मूल असं कधीच नाही.

नवीन आई

आत्ताच सगळं वाचलं. माझी मुलगी सव्वा वर्षाची आहे. काल संध्याकाळी बाहेर जेवताना तिने गरम भांड्याच्या झाकणाला हात लावला. पाणी दोन-तीन मिनिटं धरलं होतं. आज दोन बोटांच्या पेरांवर फोड आहेत, पाण्याने भरलेले. खेळतेय, पण तो हात वापरत नाही. फोड फोडून मलम लावू का?

निवृत्त परिचारिका

फोडू नका, तो फोड खालच्या कातडीला झाकून ठेवतो. मलमही नको. पण आजच दाखवा, उद्यावर टाकू नका. बोटं आहेत, सांध्यावर आहे, आणि मूल वाढीच्या वयात आहे. पेरावरचा व्रण आखडला तर बोट सरळ होताना अडतं. त्यावर वेळेत उपचार झाले तर पुढचं पुष्कळ टळतं. जाताना स्वच्छ, कोरडं कापड सैलसर ठेवा, बोटं एकमेकांना चिकटू देऊ नका, मध्ये कापडाची घडी घाला. कसं आणि किती वाजता भाजलं ते डॉक्टरांना सांगा.

नवीन आई

निघालो आहोत. ती बाबांच्या कडेवर आहे, बोटांमध्ये घडी घातली आहे. काय सांगतात ते रात्री लिहिते.