चेंडू मधोमध लागूनही स्ट्राइक का होत नाही?

प्रश्न: मी गेले चार महिने दर रविवारी टेनपिन बोलिंग खेळतो आणि उजव्या हाताने टाकतो. चेंडू सरळ जाऊन पहिल्या पिनवर अगदी मधोमध आदळतो, तरीही मागच्या दोन्ही कोपऱ्यांतल्या पिना दात विचकत उभ्याच राहतात. स्ट्राइक, म्हणजे एकाच फेकीत दहाही पिना पडणे, काही होत नाही. नेमके काय चुकते आहे?

प्रतिसाद १: मधोमध लागणे हीच चूक आहे. चेंडू पहिली पिन आणि तिच्या मागे उजवीकडे असलेली तिसरी पिन यांच्या मधल्या फटीत शिरला पाहिजे, कारण आदर्श स्ट्राइकमध्ये तो स्वतः १, ३, ५ आणि ९ या चारच पिनांना लागतो आणि उरलेल्या सहा पिना एकमेकींच्या धक्क्याने पडतात.

प्रतिसाद २: वरील मताशी सहमत आहे. मात्र ६० फुटांवरच्या पिनांकडे पाहत टाकू नका. फाउल रेषेपासून (टाकताना जी ओलांडायची नसते) सुमारे १५ फुटांवर रंगवलेल्या बाणांपैकी उजवीकडून दुसऱ्यावर नजर ठेवा. चेंडू फटीच्या डावीकडे गेला, तर बाण तोच ठेवून तुम्ही स्वतः डावीकडे सरका. हे उलटे वाटते, पण करून पाहा.

प्रश्नकर्ता: भाड्याचा चेंडू मुळी वळतच नाही, त्याचे काय?

प्रतिसाद १: ते चेंडू बहुधा प्लास्टिकचे असतात आणि तेल लावलेल्या लेनवरून घसरत सरळ जातात, त्यामुळे वळणाच्या नादी न लागता उजवीकडे उभे राहून तिरका टाका. अंगठा भोकात अडकत असेल, तर आधी चेंडू बदला.