चढाला सायकलची चेन पडायलीय, दुकानात कड्या काढल्या तरी फरक नाही. काय करावं?

गोदाकाठचा_बाप

राम राम मंडळी. पाथरी तालुक्यातून लिहायलोय. पोरगी दहावीला आहे. रोज सकाळी गावातून पाथरीला ७ किलोमीटर सायकलवर जाते. लेडीज सायकल, बिनगेअरची, चेनकव्हरवाली, घेऊन ३ वर्षं झाली. पोळ्यापासून चेन पडायलीय. आधी आठवड्यातून एकदा, आता रोजच. सपाट रस्त्याला काही होत नाही. कालव्याच्या पुलाचा चढ लागला आणि तिनं उभं राहून जोर दिला की खाट् आवाज येतो, पाय एकदम खाली जातो आणि चेन बाहेर.

मंगळवारी तसंच झालं. मागून उसाचा ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या लावलेला. पोरगी कडेला पडली, गुडघा फुटला. ड्रायव्हरनं वेळेवर ब्रेक दाबला, त्याचे उपकार. त्या दिवशी मला घास गोड लागला नाही. चार दिवस घरी राहा म्हणालो, तर सराव परीक्षा आहेत म्हणून तयार नाही. सध्या मीच मोटारसायकलवर सोडायलोय, पण कापूस वेचणीला आलाय, रोज जमणार नाही.

दुकानात नेली होती. मिस्त्रीनं दोन कड्या काढल्या, चेन तारेसारखी ताणून दिली. चार दिवस बरं गेलं, परत तेच. वरून आता पायडल जड लागतंय आणि मधून मधून टक् वाजतंय. तो म्हणतो अजून दोन कड्या काढू. माझं मन घेत नाही. चेन खराब झाली का फ्रीव्हील (मागच्या चाकाचं दात्यांचं चक्र) गेलं, हे घरी कसं ओळखावं? पाने आहेत, विहिरीवरच्या मोटारीचं काम मी हातानंच करतो.

नांदेडी_पायडल

भाऊ, अजून कड्या काढू देऊ नका. चेनकव्हर काढून मागून एक नजर टाका, मागचं चाक सरळ बसलंय का तिरकं? चाक तिरकं असलं तरी चेन पडते. ताईचा गुडघा बरा आहे ना आता?

शेतकरी_हिंगोली

आमच्याकडं ग्रीस भरतो चेनमधी. जाड ग्रीस लावा, आवाज बंद होतो.

गोलाईचा_मिस्त्री

भाऊ, तुमचं मन घेत नाही ते बरोबर आहे. मी लातूरला गंजगोलाईच्या मागच्या बोळात २७ वर्षं सायकली दुरुस्त केल्या. आता दुकान मुलगा बघतो, मी सकाळी दोन तास बसतो. शाळेच्या पोरींच्या सायकली लई आल्या माझ्याकडं. मानव विकास मिशनमधून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळायला लागल्या, तेव्हापासून तर जूनमध्ये रांगच लागायची. यातल्या निम्म्यांची तक्रार तुमच्यासारखीच असायची. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी एक समजून घ्या. चेन लांबते म्हणतात, पण तिच्या पट्ट्या रबरासारख्या ताणल्या जात नाहीत. झिजते ती आतली पिन. जुन्या चेनची एक कडी खोलून पिन उन्हात धरून बघा. दोन्ही टोकांना जाड आणि मधे कंबरेत बारीक झालेली दिसेल. नखानं चाचपलं तर खाच लागते. पिन जिच्यात फिरते ती बुशही आतून खाल्लेली असते. एका सांध्यात केसभर ढिलाई, आणि असे शंभरच्या वर सांधे. त्याची बेरीज म्हणजे चेन लांब झाली.

म्हणून कडी काढून हा आजार जात नाही. नव्या चेनच्या दोन पिनांमध्ये बरोब्बर अर्धा इंच अंतर असतं आणि फ्रीव्हीलचे दातेही तेवढ्याच अंतरावर कापलेले असतात. पिना झिजल्या की ते अंतर वाढतं. मग चेन दात्यांच्या बुडाशी बसत नाही, शेंड्याकडं सरकून बसते. सपाटीला ती तशीच चालून जाते. चढाला सगळा जोर आला की रोलर (पिनेवरची फिरती नळी) दात्यावरून उडी मारतो. तुमचा खाट् तोच असणार. दोन कड्या काढल्या म्हणजे चेन एक इंच आखूड झाली, पण उरलेल्या कड्यांमधलं अंतर आहे तेवढंच वाढलेलं राहिलं. वरून इतकी ताणली की चाकातल्या आणि पायडलच्या मुसळीतल्या, म्हणजे मधल्या दांड्यातल्या, छर्र्यांवर (बेअरिंगच्या गोळ्यांवर) दाब आला. पायडल जड कामून झालं, ते यातच आलं.

आता मोजा. स्टीलची फूटपट्टी घ्या, कंपासपेटीतली चालणार नाही, ती आखूड असते. चेन ताणलेली पाहिजे, म्हणून मागचं चाक कुणाला तरी धरायला लावा आणि पायडलवर थोडा भार द्या. मग वरच्या बाजूची चेन मोजा. पट्टीचा शून्य एका पिनेच्या बरोबर मध्यावर ठेवा आणि १२ इंचाच्या खुणेवर बघा. नवी चेन असेल तर तिथंही पिनेचा मध्यच येतो. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. पिन अर्धा सूत पुढं गेली असेल तर चेन बदलायची वेळ झाली. एक सूत पुढं गेली असेल तर चेन संपली, आणि तिनं जाता जाता फ्रीव्हीलचे दातेही खाल्लेत असं समजा. पट्टी सेंटीमीटरची असेल तर नवी चेन ३०.५ च्या अगदी जवळ येते, संपलेली ३०.८ च्या आसपास.

चाक कुठं बसलंय तेही बघा. एक सूत झिजलेली पूर्ण चेन सगळी मिळून अर्ध्या इंचाच्या आसपास लांबते, म्हणजे मागचं चाक फ्रेमच्या खाचेत साधारण दोन सूत मागं ओढावं लागतं. खाचेत मागं जागा असतानाच दुकानात कड्या काढल्या असतील तर ती घाई झाली.

दाते. चेन उतरवून फ्रीव्हील पुसून घ्या. चांगला दाता दोन्ही बाजूंनी सारखा उतरता असतो. झिजलेला एका बाजूनं खाल्लेला, विळ्याच्या टोकासारखा वाकडा दिसतो. पुढचं चक्र मोठं, त्याला दाते जास्त, म्हणून ते हळू झिजतं. मागचं आधी जातं.

खाट् दात्यांचा आहे का फ्रीव्हीलच्या कुत्र्यांचा (आतल्या पकडणाऱ्या खिट्ट्यांचा), हे वेगळं काढायला पाहिजे. ब्रेक दाबून चाक पक्कं धरा आणि हळूहळू पायडलवर जोर द्या. नजर फ्रीव्हीलवर ठेवा. चेन दात्यावरून चढून पुढं गेली तर दोष चेन आणि दात्यांचा. चेन दात्यांत नीट बसलेली आहे, फ्रीव्हीलसुद्धा फिरतंय, पण चाक हलत नाही, असं झालं तर आतले कुत्रे पकडत नाहीत. हे करताना बोटं लांब ठेवा. माझ्या एका पोऱ्याचं नख गेलं होतं असंच.

राहिला तो टक्. सायकल उलटी करून पायडल हातानं फिरवा आणि मोजा. पायडलच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा वाजत असेल तर क्रँक (पायडलचा दांडा), तो पक्का धरणारी कॉटर पिन नाहीतर पुढचं वाकलेलं चक्र. साधारण अडीच फेऱ्यांनी एकदा वाजत असेल तर चेनमधलीच एखादी कडी कडक झालीय, कारण पूर्ण चेन एकदा फिरून यायला तेवढे फेरे लागतात. कड्या काढून जोडलेल्या जागी पिन जास्त ठोकली गेली की कडी कडक होते, ती जागा पहिल्यांदा बघा.

मोजून सांगा. तोपर्यंत त्या सायकलवर पोरीला पुलावर पाठवू नका.

गोदाकाठचा_बाप

काका, एवढं समजावून आजवर कुणी सांगितलं नव्हतं. आज दुपारीच सायकल उलटी केली. पोरगीच मोजायला बसली, भूमितीचा पेपर आहे म्हणाली.

पिन १२ इंचाच्या पुढं एक सुताहून थोडी जास्तच गेलीय. तीन जागी मोजलं, सारखंच. फ्रीव्हीलचे दाते तुम्ही म्हणालात तसे विळ्यासारखे, पाच-सहा तर पारच टोकदार झालेत. पुढच्या चक्राचे बरे दिसतात. चाक धरून जोर दिला तर चेन डोळ्यांदेखत चढून पुढं गेली. कुत्रे ठीक आहेत असं वाटायलंय. टक् मात्र अडीच फेऱ्यांनाच येतो, आणि जोडलेली कडी खरंच कडक आहे, चेन लोंबत सोडली तरी ती वाकडीच राहते.

मग नुसती चेन बदलली तर भागेल का?

गोलाईचा_मिस्त्री

नाही भाऊ. जुन्या दात्यांवर नवी चेन टाकली तर ती पहिल्याच दिवशी उडी मारते, कारण वाकड्या दात्यांना जुन्या चेनचं अंतर सवयीचं झालंय. चेन आणि फ्रीव्हील दोन्ही एकदमच बदला. जुनं फ्रीव्हील चेनच्या जोरानं रोज आवळत गेलेलं असतं, घरी ठोकून काढायला जाऊ नका, आटे खराब होतील. दुकानात ते खोलायची चावी असते, पाच मिनिटांचं काम.

एक सुचवतो. तुमचं फ्रीव्हील बहुतेक १८ दात्यांचं असेल, मोजून घ्या. २० दात्यांचं मिळालं तर तेच बसवा. सपाटीला पायडल जरा जास्त मारावं लागेल, पण पुलाच्या चढाला जोर दहा टक्क्यांनी कमी लागेल. पोरीला उभं राहावं लागणार नाही. चेन घेताना बिनगेअरची, अर्धा इंच बाय एक सूत रुंदीची मागा. गेअरवाल्या सायकलची चेन अरुंद असते.

बसवताना समोर उभे राहा. जुन्या चेनच्या लांबीला नवी कापू देऊ नका, तिच्यातल्या दोन कड्या आधीच गेल्यात आणि आता फ्रीव्हीलही मोठं आहे. चाक खाचेत पुढच्या बाजूला ठेवूनच लांबी ठरवा, म्हणजे पुढं झिजेल तशी मागं ओढायला जागा राहते. लॉकच्या, म्हणजे चेनची टोकं जोडणाऱ्या, पत्तीचं बंद टोक चेन पळते त्या दिशेला पाहिजे. वरच्या बाजूला बघितलं तर बंद टोक पायडलकडं, उघडं टोक मागं.

ताण किती ठेवायचा यात फार जण चुकतात. खालच्या बाजूला मधोमध बोटानं वर-खाली करून बघा, सगळी मिळून अर्धा इंच, म्हणजे चार सूत हलली पाहिजे. आणि हे एकाच जागी बघू नका. पायडल फिरवत फिरवत चेन सगळ्यात ताठ कुठं होते ती जागा शोधा, पुढचं चक्र कधीच पूर्ण गोल बसलेलं नसतं. त्या ताठ जागी अर्धा इंच सोडा. दोन्ही बाजूंचे नट एकदम आवळू नका, उजवा थोडा, डावा थोडा, परत उजवा. एकच नट दाबला की चाक तिरकं ओढलं जातं, वर नांदेडी भाऊ म्हणाले तसं.

अंबाजोगाईची_मास्तरीण

काकांनी सगळंच सांगितलं. मी काळ्या मातीबद्दल लिहिते, कारण माझीही सायकल तिनंच खाल्ली होती. पावसाळ्यात आपली माती मडगार्डमध्ये गोळा होते आणि तिथून चेनवर पडत राहते. त्यात ग्रीस लावलं की माती त्याला चिकटते आणि पिनांना कानशीसारखी घासते. हिंगोलीच्या दादांना माझं एवढंच सांगणं आहे, ग्रीसनं आवाज बंद होतो पण आत झीज चालूच राहते. ट्रॅक्टरचं जळकं ऑईलही नको, त्यात धातूचा बारीक चुरा असतो. खोबरेल तर अजिबात नको, ते थंडीत गोठतं.

मी महिन्यातून एकदा, पावसाळ्यात आठवड्याला, जुन्या दात घासायच्या ब्रशानं डिझेल लावून चेन धुते. कोरड्या फडक्यात धरून पायडल उलटं फिरवते, काळं यायचं थांबेपर्यंत. मग चांगल्या ऑईलचा एकेक थेंब प्रत्येक रोलरवर, आतल्या बाजूनं. दहा मिनिटं थांबून वरचं सगळं परत पुसून घेते. तेल आत पिनेला पाहिजे, बाहेर नाही.

ताईला पेपरसाठी शुभेच्छा.

शेतकरी_हिंगोली

बरोबर आहे मॅडम, आमची चेन दीड वर्षातच बदलावी लागती. आता धुऊन बघतो.

गोदाकाठचा_बाप

मंडळी, काम झालं. परभणीला जाऊन २० दात्यांचं फ्रीव्हील आणि चेन आणली, पाथरीत बसवून घेतली. मजुरी धरून ४२० रुपये गेले. लॉक दुकानातल्या पोरानं उलटं लावलं होतं, मी दाखवल्यावर त्यानं लगेच फिरवलं.

काल आधी मी स्वतः पुलावर दोन चकरा मारल्या, माझं वजन ७८ किलो. उभं राहून जोर दिला, आवाज नाही, काही नाही. मग आज पोरगी गेली. मी मोटारसायकलवर मागं होतो. पुलाचा चढ तिनं सीटवर बसूनच काढला आणि वर गेल्यावर मागं वळून हात केला. मिस्त्री काका, त्या वेळी तुमची लई आठवण आली.

जुनी चेन घरी आणलीय. एक कडी खोलून पिन काढली, मधे खरंच कंबर पडलीय.

गोलाईचा_मिस्त्री

पोरीला आशीर्वाद. आता चाकाचा नट खाचेत जिथं आहे तिथं फ्रेमवर खिळ्यानं बारीक रेघ ओढून ठेवा. नवी चेन पहिल्या पंधरा दिवसांत थोडी बसते, तेव्हा एकदा ताण बघा आणि नट परत आवळा. त्यानंतर चाक रेघेपासून एक सूत मागं आलं की फूटपट्टी काढा. अर्ध्या सुताला चेन बदलली तर हे फ्रीव्हील पुढच्या चेनलाही चालेल.