शेवटच्या ओळीत उलटणारी विज्ञानकथा: कारागिरी की हातचलाखी?

जेकार्ड (सोलापूर)

गेल्या रविवारी नवी पेठेतल्या एका मित्राच्या घरी आम्ही सात-आठ वाचक जमलो होतो. विषय होता १९५० च्या आसपासच्या अमेरिकन विज्ञानकथांचा, त्यातही दोन-चार पानांत संपणाऱ्या, काळ्या विनोदाच्या आणि शेवटच्या ओळीत सगळे उलटून टाकणाऱ्या कथांचा. मी फ्रेडरिक ब्राऊन यांच्या दोन कथा मराठीत सांगितल्या. त्यावर एका ज्येष्ठ सदस्यांनी मत दिले की, हे चुटके आहेत, आणि चुटका एकदाच ऐकायचा असतो. त्या वाक्याने मला आठवडाभर स्वस्थ बसू दिले नाही, म्हणून हा धागा. शेवट सांगितल्याशिवाय ही चर्चा होऊ शकत नाही, याबद्दल क्षमस्व.

पहिली कथा ‘आन्सर’, १९५४ सालची, जेमतेम एका पानाची. ९६ अब्ज ग्रहांवरची सर्व गणकयंत्रे एकमेकांना जोडली जातात आणि त्या महायंत्राला पहिला प्रश्न विचारला जातो, ईश्वर आहे का? यंत्र क्षणभरही न थांबता सांगते की, आता आहे. घाबरलेला माणूस बटण बंद करायला धावतो, तेव्हा निरभ्र आकाशातून वीज कोसळून त्याला ठार करते आणि बटण कायमचे वितळवून टाकते. दुसरी कथा ‘सेंट्री’, तीही १९५४ चीच. घरापासून ५० हजार प्रकाशवर्षे दूर, चिखलात भिजलेला, भुकेला, थंडीने गारठलेला एक पहारेकरी सरपटत येणाऱ्या शत्रूला मारतो. त्या प्रेताकडे पाहून त्याला शिसारी येते, कारण त्या किळसवाण्या प्राण्याला दोनच हात, दोनच पाय असतात आणि अंगावर खवले नसतात.

माझे आजोबा आणि वडील दोघेही यंत्रमागावर होते, त्यामुळे मला उपमा तिथलीच सुचते. आपली सोलापुरी चादर उलटून पाहा. नक्षी तीच असते, रंगांची मात्र अदलाबदल झालेली असते. इकडे जमिनीचा जो रंग, तो तिकडे फुलाचा. मागची बाजू नंतर कोणी शिवलेली नसते, पहिल्या आडव्या धाग्यापासून दोन्ही बाजू एकाच वेळी विणल्या जातात. जेकार्डच्या, म्हणजे मागावर नक्षी ठरवणाऱ्या यंत्रणेच्या, एका पुठ्ठ्यातले एक भोक चुकले, तर ती चूक प्रत्येक नक्षीत उमटते. ‘सेंट्री’ मला अगदी तशी वाटते. चिखल, थंडी, घरची ओढ यांतून आपण त्या पहारेकऱ्याला ‘आपला’ मानून बसलेलो असतो, आणि शेवटच्या ओळीत कळते की तो शत्रू आपणच होतो. दुसऱ्या वाचनात धक्का नाहीसा होतो हे खरे, पण आपण किती सहज फसलो ते त्याच वाचनात दिसते.

साक्षेप

ते ज्येष्ठ सदस्य मीच, तेव्हा उत्तर देणे माझ्याकडे लागते.

‘सेंट्री’बद्दलचे आपले म्हणणे मी मान्य करतो. परंतु आपण या प्रकारातला उत्तम नमुना निवडून संपूर्ण प्रकाराची वकिली करीत आहात. ‘आन्सर’मध्ये माणसे आहेत कुठे? दोन नावे आहेत, एक यंत्राची जोडणी सोन्याने सांधतो आणि दुसरा प्रश्न विचारतो. त्यांतला एक मरतो तेव्हा वाचकाला काहीही होत नाही, कारण तो कधी जिवंतच नव्हता. काळ्या विनोदाची माझी अडचण इथेच आहे. संपूर्ण मानवजात नष्ट झाली म्हणून हसणे फार सोपे असते. शेजारचा एक ओळखीचा माणूस गेला तर त्यावर हसायला लेखकाला खरे कौशल्य लागते, आणि तसे कौशल्य या कथांत मला क्वचितच दिसले.

दुसरे असे की, यांतल्या काही कथा निव्वळ शब्दावर उभ्या आहेत. डेमन नाइट यांची ‘टु सर्व्ह मॅन’ (१९५०) घ्या. परग्रहावरचे पाहुणे येतात, फुकट वीज देतात, स्फोटके निकामी करून युद्धे थांबवतात. त्यांच्या एका ग्रंथाचे शीर्षक भाषांतरकार ‘मानवाची सेवा’ असे लावतात, आणि अखेर कळते की तो पाककृतींचा ग्रंथ आहे. इंग्रजीतल्या ‘सर्व्ह’ या एका क्रियापदाचे दोन अर्थ (सेवा करणे आणि जेवायला देणे) बाजूला काढले, तर हाती काय उरते? मराठीत ‘सेवा’ आणि ‘सेवन’ असा खेळ करून पाहिला, पण तो ओढूनताणून वाटतो आणि वाचक आधीच सावध होतो.

आपल्याकडे जयंत नारळीकरांनी ‘उजव्या सोंडेचा गणपती’मध्ये कलाटणी वापरली, पण तिथे उजव्याचे डावे होण्यामागे भूमितीतले एक खरे सूत्र आहे. कथा संपल्यावर वाचक त्या सूत्राचा विचार करीत राहतो. विज्ञानकथेकडून माझी अपेक्षा ही आहे.

पंगत

साक्षेप सर, आपला बाकीचा आक्षेप बाजूला ठेवून फक्त भाषांतरापुरते लिहिते. ‘सेवा’ या शब्दाच्या मागे लागण्याची गरजच नाही, कारण मराठीत ‘वाढणे’ हे क्रियापद आहे. मूल वाढते, गाव वाढते, आणि पानात भाजीही वाढतात. ग्रंथाचे शीर्षक ‘माणूस वाढताना’ असे ठेवा. पाहुणे वीज देतात, युद्धे थांबवतात, तेव्हा ‘माणसाची वाढ’ हाच अर्थ कोणालाही लागेल, आणि शेवटच्या पानावर त्याच दोन शब्दांतून पंगत दिसू लागेल, एका अक्षराचाही बदल न करता. आमच्या घरी कार्याच्या दिवशी ‘चला, वाढायला घ्या’ ही हाक ऐकतच मी लहानाची मोठी झाले, त्यामुळे हे शीर्षक सुचल्यावर मला खरोखर क्षणभर शहारे आले.

खडू-फळा

मी शाळेत विज्ञान शिकवतो आणि माझे मत साक्षेप सरांच्या बाजूने आहे. नववीच्या वर्गाला ‘सेंट्री’ची गोष्ट सांगितली होती. मुले दचकली, टाळ्याही वाजल्या. पंधरा दिवसांनी विचारले, तेव्हा शेवट सर्वांना आठवत होता. पहारेकरी भुकेला होता, भिजलेला होता, हे दोघी मुलींनाच आठवले. जेकार्ड यांच्या भाषेत सांगायचे तर मुलांनी चादर उलटून पाहिली, पण सुलट बाजू त्यांच्या लक्षातच राहिली नाही. शेवट इतका बलवान असेल की तो स्वतःचीच कथा गिळून टाकतो, तर तो दोष कथेचा मानावा लागेल.

जेकार्ड (सोलापूर)

पंगत ताई, ‘माणूस वाढताना’ या शीर्षकासाठी आपले मनापासून आभार. खडू-फळा सर, आपले निरीक्षण मला टोचले आणि ते खरे आहे; मी ती गोष्ट तोंडी सांगतानासुद्धा शेवटाकडे धावतच गेलो होतो.

तरीही मानवजातीच्या नाशावर हसणे सोपे असते, हे साक्षेप सरांचे म्हणणे मला मान्य नाही. हे लेखक कोणत्या वर्षांत लिहीत होते ते पाहावे. १९४५ मध्ये हिरोशिमा आणि नागासाकी झाले. १९४६ मध्ये एनिॲक हे गणकयंत्र लोकांसमोर आले. १९५२ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेने प्रशांत महासागरातल्या एका बेटावर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली आणि ते बेटच नकाशावरून पुसले गेले. १९५४ च्या वाचकासाठी सगळ्यांनी एकदम मरणे ही कल्पनेतली गोष्ट राहिलेली नव्हती. अशा वेळी बटण बंद करायला धावणारा आणि एक क्षण उशीर झालेला माणूस मला पुठ्ठ्याचा वाटत नाही. त्याला चेहरा नाही, कारण त्या जागी कोणीही असू शकत होता. मला त्या कथेतले वितळलेले बटण सर्वात अधिक भिववते. यंत्र देव झाले, यापेक्षा ते आता बंद करता येणार नाही, ही बाब लेखकाने एका उपवाक्यात उरकली आहे, आणि तेवढ्या संयमाला मी कारागिरी म्हणतो.

साक्षेप

बटणाचा मुद्दा माझ्या नजरेतून निसटला होता, हे प्रांजळपणे सांगतो. मूळ कथा पुन्हा काढून वाचली. त्या माणसाला चेहरा नसल्याची माझी तक्रार मात्र कायम आहे. ‘कोणीही’ असलेल्या माणसासाठी मला भीती वाटते, दुःख होत नाही, आणि मला कथेकडून दोन्ही हवे असते.

‘माणूस वाढताना’ला मी हरकत घेणार होतो, पण घेता येत नाही, सेवेपेक्षा वाढीचा अर्थ त्या पाहुण्यांच्या देणग्यांशी अधिक जुळतो. पंगत ताईंनी पूर्ण अनुवाद करावा आणि पुढच्या रविवारी तो वाचावा, अशी माझी विनंती आहे. अट एकच, एकाच बैठकीत तो दोनदा वाचला जावा, आणि दुसऱ्या वेळी खडू-फळा सरांनी त्या दोघी मुलींनाही सोबत आणावे.