मदत हवी आहे: गच्चीवरची सामूहिक बाग, खत आणि वजन

नमस्कार मंडळी. आमच्या इमारतीतल्या काही कुटुंबांनी मिळून गच्चीवर भाजीपाला लावायचं ठरवलंय. खत-माती विकत न आणता स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यातूनच बाग उभी करावी, अशी मनापासून इच्छा आहे.

गाडी अडलीय ती खतापाशी. पिंपात वरचा थर कोरडा, पण खाली हात घातला की चिकट काळा गोळा आणि आंबूस वास. कार्बन (मुख्यतः वाळक्या पाल्यातून येणारा) आणि नायट्रोजन (ओल्या कचऱ्यातून येणारा) यांचं प्रमाण साधारण 30 ला 1 हवं, हे माहीत आहे. पण प्रत्यक्षात बादलीभर सालींना वाळका पाला किती घालायचा? पाला नसेल तेव्हा पुठ्ठ्याचे तुकडे किंवा लाकडाचा भुसा चालतो का? आणि ढवळायचं किती दिवसांनी?

दुसरी काळजी वजनाची. एक घनमीटर ओली माती दीड टनाच्याही वर जाते, त्यामुळे नुसती माती भरायची नाही हे पक्कं. पालापाचोळा, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि खत यांच्या मिश्रणात टोमॅटो-वांगी कोणी घेतलीत का? मिश्रण खचत गेल्यावर वर काय भरता?

आणि हो, पाणी घालायच्या पाळ्या तुमच्याकडे कशा लावता? सुट्टीत सगळेच गावाला जातात. अनुभव असेल त्यांनी जरा सविस्तर सांगा, प्लीज.