‘नवऱ्याला खाणारी कोळीण’: मुलांना एवढंच सांगायचं का?

कुळागरवाली: गोव्यातल्या मोलेच्या जंगलात मुलांना फिरायला नेतात आणि कोळ्याचं जाळं दिसलं की सांगतात, ‘ही मादी नंतर नवऱ्याला खाते.’ हे बंद व्हायला हवं. आमच्या कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, पोफळींच्या मधोमध सोनेरी धाग्याचं मोठं जाळं असतं, ते नेफिला पिलिपस या कोळ्याचं. मादीचं अंग चार-पाच सेंटिमीटर, नर जेमतेम पाच-सहा मिलिमीटर. एकाच जाळ्यात तिच्या आसपास दोन-तीन नर वावरताना दिसतात. समागमाच्या अधेमधे नर तिच्या पाठीवर चढून रेशीम सोडत फिरतो, तिला हलकेच बांधल्यासारखं करतो. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं की यामुळे मादीचा विरोध कमी होतो आणि त्यात वासापेक्षा स्पर्शाचा वाटा मोठा असतो. इतकं सुंदर सोडून खुनाची गोष्ट कशाला?

सत्तरीकर: ताई, तिला शांत करावं का लागतं? जिवाला धोका असतो म्हणूनच ना! ऑस्ट्रेलियातल्या रेडबॅक कोळ्याचा नर तर समागम चालू असताना कोलांटी मारून आपलं पोट मादीच्या तोंडापाशी नेतो. खाल्ले गेलेले नर जास्त वेळ समागम करतात, जास्त पिल्लांचे बापही तेच होतात, हे 1996 मध्येच दाखवलं गेलं. यात लपवण्यासारखं काय आहे?

कुळागरवाली: लपवू नका, पण ऑस्ट्रेलियातला कोळी मोलेच्या जाळ्यावर का चिकटवायचा? ‘खुनी’ ऐकलं की पोरं काठीने जाळंच मोडतात.

काणकोणकर: मला दोघांचंही अर्धवट वाटतं. झाडाच्या खोडाला लागून जाळं विणणारी हेरेनिया ही कोळीण आपल्या देशातही आहे. तिच्या नराचे वीर्य पोचवणारे तोंडाजवळचे अवयव समागमात तुटतात आणि मादीच्या जननमार्गात बुचासारखे बसतात. तो पुन्हा समागम करू शकत नाही, पण तिच्याजवळच राहतो आणि दुसऱ्या नरांशी भांडतो. इथे बळी कोण, खुनी कोण? नवरा-बायको हे शब्दच आधी बाजूला ठेवा.

सत्तरीकर: शब्द सोडतो. जाळं मोडू द्यायचं नाही, हेही एकदम मान्य. आधी ती पाठीवर रेशीम विणण्याची गोष्टच सांगेन. पण एखाद्या पोराने विचारलं, ‘आणि तिने त्याला खाल्लं तर?’, तर ‘कधी कधी खाते’ असंच उत्तर देणार, ताई.